आजोबांचा तारा आणि पंडितजींचा ३००१२८

लोकलमध्ये उभं राहण्यापुरती जागा मिळाली असेल आणि इअरफोनची गाठ सुटली असेल, तर सुरू करूया. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा मजकूर नेहमीसारखाच आहे. बोललो तसाच ठेवलाय, फक्त माझे ‘अं… अं…’ काढून टाकलेत.

आजची गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कारण तिच्यात मूर्ख मीच आहे.

२०१९ साल. बीटेक होऊन नुकतीच नोकरी लागली होती. आजोबा आदल्या वर्षी गेले होते आणि ऑगस्टमध्ये त्यांचं वर्षश्राद्ध होतं. पहिल्या पगारातून त्यांच्यासाठी काहीतरी करायचं, असं माझ्या डोक्यात होतं. फोनवर एक जाहिरात आली, ‘आपल्या माणसाच्या नावाने तारा’. फक्त २,९९९ रुपये. मी दोन मिनिटांत पैसे भरले. आठवड्याभरात कुरियरनं जाड कागदाचं प्रमाणपत्र आलं. सोनेरी किनार, लाल शिक्का, मधोमध आजोबांचं पूर्ण नाव आणि खाली ताऱ्याचे आकडे. वझिरा नाक्यावर फ्रेम करून घेतली आणि आजीच्या हातात दिली. आजी रडली, मग मीही रडलो, आणि फ्रेम देव्हाऱ्याशेजारी लागली.

त्यानंतर महिन्याभरात, सप्टेंबरच्या शेवटी, पेपरात बातमी आली की पंडित जसराज यांचं नाव एका लघुग्रहाला दिलंय. आमच्या घरात ही बातमी म्हणजे सणच. आजोबा पंडितजींचे भक्त होते. पार्ल्यात त्यांचं गाणं असलं की बोरिवलीहून दोन तास आधी निघायचे. घरी कॅसेटी होत्या, टू-इन-वन होता, आणि पंडितजींचा आलाप चालू असताना कुणी मिक्सर लावला तर त्याची खैर नसायची. आणि पंडितजी राहायचे कुठे, तर अंधेरीत, वर्सोव्याला. म्हणजे आमच्यापासून सहा स्टेशनं. आजोबा म्हणायचे, “आपल्याच लाइनीवरचा माणूस.”

आजीनं बातमी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि मला विचारलं, “अरे, मग ह्यांच्या ताऱ्याची बातमी कशी नाही आली?”

मी म्हटलं, “आजी, ती मोठी माणसं.” आणि ऑफिसला पळालो.

पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. रात्री घरी येऊन प्रमाणपत्राचा फोटो काढला आणि त्यावरचे आकडे एका मोफत तारांगण अॅपमध्ये टाकले. जमिनीवर जसे अक्षांश-रेखांश असतात तसे आकाशातही असतात. त्यातल्या आकाशातल्या अक्षांशाला ‘क्रांती’ म्हणतात. आजोबांच्या ताऱ्याची क्रांती होती उणे ७४ अंश. आता साधा हिशोब बघा. मुंबई साधारण १९ अंश उत्तरेला आहे. नव्वदातून एकोणीस गेले, राहिले एकाहत्तर. म्हणजे उणे ७१ अंशाच्या पलीकडचा कुठलाही तारा मुंबईच्या क्षितिजावर येतच नाही. ढग नसले, दिवे नसले, अख्खी मुंबई काळोखात बुडाली, तरी नाही. मी आजोबांना जो तारा दिला होता, तो बोरिवलीत कधीच उगवणार नव्हता.

आणि हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग असा की ते नाव खरं नव्हतंच. तारे, ग्रहांवरचे डोंगर, विवरं, लघुग्रह, या सगळ्यांची अधिकृत नावं ठरवते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना. २००६ साली प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं, तीच ही मंडळी. ही संघटना नावं विकत नाही, आणि विकणाऱ्या कुणाशीही आपला संबंध नाही असं तिनं स्पष्ट सांगितलेलं आहे. मी २,९९९ रुपयांना जे घेतलं ती एका खासगी वहीतली नोंद होती. उद्या मी माझी एक्सेल शीट उघडून चंद्राला तुमचं नाव देऊ शकतो, तितकीच तिची किंमत.

मग पंडितजींना कसं मिळालं? त्यासाठी लघुग्रह कसा सापडतो तिथून सुरुवात करावी लागेल. माझ्यातल्या प्रोग्रॅमरला हा भाग फार आवडतो, थोडं सहन करा.

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या मध्ये खडकांचा एक मोठा पट्टा आहे. त्यातले बहुतेक सगळे खडक डोळ्यांना दिसत नाहीत. दुर्बिणी एकाच जागेचे थोड्या थोड्या वेळानं फोटो काढतात. तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा ठिपका सरकलेला दिसतो. तो सरकणारा ठिपका म्हणजे लघुग्रह असू शकतो. ११ नोव्हेंबर २००६ला अमेरिकेतल्या अॅरिझोनात एका आकाश सर्वेक्षणात असाच एक ठिपका सापडला. त्याला तात्पुरतं नाव मिळालं, ‘२००६ व्हीपी ३२’.

हे नाव वाचता येतं, बरं का. २००६ म्हणजे साल. पुढचं ‘व्ही’ अक्षर सांगतं पंधरवडा. जानेवारीचा पहिला पंधरवडा ‘ए’, दुसरा ‘बी’, असं करत करत ‘आय’ अक्षर गाळून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला ‘व्ही’ येतं. त्यापुढचं अक्षर आणि आकडा मिळून सांगतात, त्या पंधरवड्यातला कितवा. इथेही ‘आय’ नाही, म्हणून अक्षरं पंचवीस. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून आणि शेजारी आकडा. ‘पी’ हे पंधरावं अक्षर, आणि ३२ म्हणजे बत्तीस फेऱ्या पूर्ण झालेल्या. बत्तीस गुणिले पंचवीस आठशे, अधिक पंधरा. नोव्हेंबर २००६च्या पहिल्या पंधरवड्यातला हा ८१५वा. एका पंधरवड्यात आठशेहून जास्त! चर्चगेटला सकाळी उतरणाऱ्या गर्दीसारखी ही गर्दी, आणि त्यातला एक चेहरा पुढे पंडितजी होणार होता.

पण दिसला म्हणजे झालं नाही. ठिपका पुन्हा सापडायला हवा. पुढच्या फेरीत, त्याच्या पुढच्या फेरीत, तो गणितानं सांगितलेल्या जागी येतो का, हे बघावं लागतं. यात वर्षं जातात. कक्षा पक्की झाली, आता हा हरवणार नाही अशी खात्री पटली, की मग त्याला कायमचा क्रमांक मिळतो. क्रमांक ओळीनं पडतात, कुणी निवडत नाही, व्हीआयपी नंबर प्लेटसारखा लिलाव नाही. आपल्या ठिपक्याच्या वाट्याला आला ३००१२८.

आता हा आकडा नीट बघा. ३०, ०१, २८. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३०. पेपरांनी लिहिलं, जन्मतारीख उलटी केली की हा क्रमांक. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना त्यात उलटं काही दिसतच नाही. आधी साल, मग महिना, मग दिवस, आम्ही फायलींना तारखा अशाच देतो. आकड्यांच्या या रांगेत कुणाला तरी एक गवई दिसला आणि त्यानं नाव सुचवलं. संघटनेच्या समितीनं ते मान्य केलं. ‘पंडितजसराज’, सलग, एक शब्द. लघुग्रहाला नाव मिळालेले ते पहिले भारतीय संगीतकार. तेव्हा पंडितजी ८९ वर्षांचे होते आणि गात होते. पुढच्या वर्षी १७ ऑगस्टला ते न्यू जर्सीत गेले. पार्थिव मुंबईला आणलं, आधी वर्सोव्याच्या घरी आणि मग पार्ल्यात अंत्यसंस्कार. त्या दिवशी आजीनं टू-इन-वन काढला. चालला नाही, पट्टा वितळला होता. मी फोनवर लावून दिलं.

बातम्यांमध्ये सगळीकडे ‘नासाने नाव दिले’ असं होतं, ते सोडून द्या. नासा नाव देत नाही.

सुचवण्याचा पहिला हक्क शोध लावणाऱ्याचा. क्रमांक पडल्यापासून दहा वर्षं तो हक्क त्याचा. त्यानंतर इतरांनाही सुचवता येतं. विश्वनाथन आनंदचं उदाहरण बघा. जपानमध्ये १९८८ साली केन्झो सुझुकींनी एक लघुग्रह शोधला, क्रमांक ४५३८. तो वर्षानुवर्षं बिननावाचाच फिरत होता. शेवटी लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रातले मायकेल रुडेंको, स्वतः बुद्धिबळवेडे, त्यांनी आनंदचं नाव सुचवलं. २०१५ साली तो ‘विशीआनंद’ झाला. म्हणजे आकाशात जागा मिळायला नुसतं थोर असून चालत नाही. नोंदवहीजवळ बसलेला एक चाहता लागतो.

नियम गमतीशीर आहेत. नाव रोमन लिपीत सोळा अक्षरांच्या आत हवं. आमच्या भाषेत कॉलमची लांबी सोळा. कंपनीचं, उत्पादनाचं नाव चालत नाही. पाळीव प्राण्यांची नावं देऊ नका म्हणतात, कारण जेम्स गिब्सन नावाच्या शास्त्रज्ञानं १९७१ साली सापडलेल्या एका लघुग्रहाला ‘मिस्टर स्पॉक’ नाव दिलं आणि लोकांना वाटलं स्टार ट्रेकमधला स्पॉक. तो गिब्सनच्या मांजराचा मान होता. समिती वैतागली.

आणि राजकारणी किंवा लष्करी माणूस असेल, तर त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं व्हायला हवीत. हा नियम मला फार आवडतो. आपल्याकडे चौकाला नाव द्यायला शंभर तास लागत नाहीत. पण यातूनही आपल्या उपयोगाचं काहीतरी निघतं. लोकमान्य टिळक १९२० साली गेले, म्हणजे त्यांची शंभर वर्षं झाली. आणि टिळकांचा आकाशाशी संबंध होता. मृग नक्षत्रावरून वेदांचा काळ काढणारं ‘ओरायन’ त्यांनी १८९३ साली प्रसिद्ध केलं. ‘लोकमान्यटिळक’ रोमनमध्ये तेरा अक्षरं, बसतात. मग मला चाळाच लागला. पार्ल्याचे पु.ल. घ्या. पूर्ण नाव बसत नाही, ‘पुलदेशपांडे’ तेरा अक्षरांत बसतं. तुम्हीही करून बघा, लोकलमधला वेळ चांगला जातो.

नियम नव्हते तेव्हा काय व्हायचं? १ जानेवारी १८०१ला सिसिलीतल्या पालेर्मोत जुझेप्पे पियाझ्झींना पहिला लघुग्रह दिसला. त्यांनी नाव ठेवलं ‘सेरेस फर्डिनांडिया’. सेरेस म्हणजे धान्याची देवी आणि फर्डिनांड म्हणजे त्यांचा राजा. राजाचं शेपूट इतर देशांना पटलं नाही, ते गळून पडलं आणि देवी उरली. पुढे बराच काळ देव्याच चालल्या. आपल्या बाजूचा पहिला लघुग्रह सापडला मद्रासच्या वेधशाळेत, १७ एप्रिल १८६१ला. शोधणारे नॉर्मन पॉगसन. आशिया खंडातून लागलेला पहिलाच शोध, म्हणून नावच ‘एशिया’, क्रमांक ६७. नंतर आपल्याकडे मोठी शांतता. १९८८ साली तमिळनाडूतल्या कावलूरहून आर. राजामोहन यांनी एक शोधला, त्याला नाव मिळालं ‘रामानुजन’, क्रमांक ४१३०.

इथे मला मुद्दा कळला. आज क्रमांक मिळालेले लघुग्रह साडेसात लाखांहून जास्त आहेत आणि नाव मिळालेले पंचवीस हजारांच्या आसपास. जागेची टंचाई नाही. म्हाडाची लॉटरी नाही ही. पण शोधणारा ज्या गावचा, नावं त्याच्या गावची. मद्रासहून सापडला तर ‘एशिया’, कावलूरहून सापडला तर ‘रामानुजन’, आणि अॅरिझोनाहून सापडला तर तिथल्या कुणाला तरी आपल्या गवयाचा आकडा ओळखू यावा लागतो.

एक रस्ता शाळकरी पोरांचाही आहे. अमेरिकेतल्या लिंकन प्रयोगशाळेनं शोधलेले लघुग्रह आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेतल्या विजेत्या मुलांच्या नावानं केले गेले. त्यात २१५७५ क्रमांकाचा ‘पद्मनाभन’ आहे, तो पुण्याच्या हंसा पद्मनाभन यांच्या शाळकरी वयातल्या प्रकल्पासाठी. आज त्या स्वतः खगोलशास्त्रज्ञ आहेत. आणि ज्यांना स्वतः शोधायचंय त्यांनी लघुग्रह शोधमोहिमा बघा. हवाईच्या दुर्बिणीचे फोटो मिळतात, एक सॉफ्टवेअर मिळतं, सरकणारा ठिपका लॅपटॉपवर हुडकायचा. आपल्याकडची शाळा-कॉलेजची पोरं यात भाग घेतात. सापडला तरी क्रमांकापर्यंत वर्षं जातात, एवढं लक्षात ठेवा. ‘अमुक मुलानं लघुग्रहाला आईचं नाव दिलं’ असा फॉरवर्ड दुसऱ्या दिवशी आला, तर तो पुढे ढकलू नका.

लघुग्रह सोडून थोडं बाजूला जातो, कारण हे मला माहीतच नव्हतं. शुक्रावरच्या मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची नावं देतात, आणि त्याही हयात नसलेल्या. त्या यादीत एक विवर आहे ‘जोशी’. आनंदीबाई जोशी! १८६५ साली कल्याणात जन्म, १८८६ साली पेनसिल्व्हेनियात डॉक्टर, आणि १८८७ साली एकविसाव्या वर्षी मृत्यू. विवर सुमारे ३४ किलोमीटर रुंद. म्हणजे मुलुंडपासून व्हीटीपर्यंत सगळं त्यात मावेल. दुसरं ‘मेधावी’, ते पंडिता रमाबाईंचं, त्यांच्या सासरच्या आडनावानं. तिसरं ‘झिराड’. बेने इस्रायली समाजातल्या डॉक्टर जेरुशा झिराड, आपल्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. या तिघींनी तिकडे जागा घेतली आणि इथल्या प्लॅटफॉर्मवर कुणाला पत्ता नाही.

ताऱ्याचंही खरं नाव मिळतं, आणि तेही त्याच २०१९ साली मिळालं. भारताला एक तारा आणि त्याच्या ग्रहाचं बारसं करायची संधी होती, लोकांनी मतं दिली. ताऱ्याचं नाव ठरलं ‘बिभा’. बिभा चौधुरी, आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या पहिल्या स्त्री संशोधक. मघा नक्षत्राच्या दक्षिणेला तो आहे. नुसत्या डोळ्यांनी नाही दिसत, पण मुंबईत उगवतो. मी क्रांती तपासली, हल्ली सवयच लागली आहे.

तर आता फ्रेमकडे येऊ.

यंदा घराला रंग काढला. भिंतीवरचं सगळं उतरवलं. रंग झाल्यावर आजी फ्रेम हातात घेऊन उभी. आता ती ८४ वर्षांची आहे. म्हणाली, “हे परत तिथेच लावायचं ना?” आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, “आजी, ते खरं नाही.” मग सगळं सांगितलं. वही, शिक्का, उणे ७४.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “किती गेले?”

“दोन हजार नऊशे नव्याण्णव.”

“तीन हजार! ह्यांना कळलं असतं तर तुझी काही धडगत नव्हती.” मग फ्रेम मांडीवर ठेवून, “आणि पंडितजींना किती पडले?”

“एक पैसाही नाही.”

“मग कुणीतरी सुचवलं असेल.”

म्हटलं, “हो, कुणीतरी सुचवलं.”

“तो दिसतो का इथून?”

नाही, म्हटलं, गच्चीवरच्या दुर्बिणीतूनही नाही, फार अंधूक आहे. पण मी २०२३च्या डिसेंबरात मित्रांबरोबर वांगणीला गेलो होतो. खगोल मंडळाच्या आकाशदर्शनामुळे आपल्यातल्या पुष्कळांना ते गाव माहीत झालंय. तिथे मृगाच्या बाजूला साध्या द्विनेत्रीतून मी व्हेस्टा पाहिला होता, लघुग्रह क्रमांक ४. ठिपकाच तो. पण ज्या पट्ट्यात पंडितजी आहेत त्याच पट्ट्यातला. आजीला सांगितलं, मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये. ती लगेच म्हणाली, “म्हणजे गुरूच्या अलीकडे. गाणाऱ्याला बरी जागा आहे.”

तिनं पंचांगाच्या मागच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशोबाखाली, ३००१२८ लिहून घेतलंय. फ्रेम पुन्हा देव्हाऱ्याशेजारी लागली, पण आता तिच्यात आजोबांचा फोटो आहे, टू-इन-वनवर हात ठेवून बसलेला. प्रमाणपत्र फोटोच्या मागेच राहू दिलं. कागद जाड होता, आजी म्हणाली, फोटोला चांगला टेकू होतो.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असलं प्रमाणपत्र असेल, तर त्यावरचा क्रांतीचा आकडा मला पाठवा. नाव खरं करून देता येणार नाही. पण तो तारा तुमच्या गच्चीवरून उगवतो का, उगवत असेल तर कुठल्या महिन्यात आणि कुठल्या बाजूला, एवढं मी सांगतो. फुकट.